डबल बास घ्यायचाय? आधी बेळगावची हवा बघा

जुन्या हिंदी गाण्यांच्या लाइव्ह कार्यक्रमांचे व्हिडिओ हल्ली घरोघरी बघितले जातात. त्यात मागच्या रांगेत एखादा माणूस आपल्याहून उंच व्हायोलिन कवेत घेऊन उभा असतो. ते काय आहे, त्याचा आवाज वेगळा असा ऐकू का येत नाही, आणि एवढं धूड घरात ठेवतं कोण, हे मला टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत बऱ्याच जणांनी विचारलंय, कारण तसं एक धूड आमच्या माजघरात उभं आहे. अलीकडे गिटार वाजवणारी पोरं पुढचा प्रश्न विचारू लागलीत: "काका, घेऊ काय एक?"

घ्या की. फक्त कंपनी, किंमत आणि पॉलिशची चमक बघण्याआधी तुम्ही खानापूरला राहता की अथणीला, ते बघा. पोरांना वाटतं काका थट्टा करताहेत. थट्टा नाही, पण ती का नाही हे कळायला या वाद्याच्या पोटात शिरावं लागतं.

## ते वाजवतं तरी काय?

डबल बास हे व्हायोलिनच्या जातीतलं सगळ्यांत खालच्या सुरांचं वाद्य. उंची सहा फुटांच्या आसपास, वजन दहा किलोच्या घरात, तारा चार. जाडीकडून बारीककडे त्या ई, ए, डी, जी अशा लावतात. जाड ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. सेकंदाला किती थरथर, हे मोजायचं माप म्हणजे हर्ट्झ. तर ही तार ४१ हर्ट्झची.

४१ म्हणजे किती खाली? काळी एकच्या पट्टीतला पुरुषी तानपुरा घ्या. त्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. बासची ई त्याच्याही खालच्या सप्तकात, कोमल गंधारावर पडते. गायकाचा गळा तिथे जायचा विषयच नाही. वरच्या टोकाला जी तार ९८ हर्ट्झची. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर त्याच्या दुप्पट, १०० ची, त्यामुळे गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहून जी तार जवळजवळ जुळवता येते. थोडी चढी लागते एवढंच. (स्टेजवर अर्थिंग नीट नसलं की स्पीकरमधली घरघरही नेमकी याच सुराला येऊन बसते. अशा वेळी साउंडवाला बासकडे बघतो आणि बासवाला साउंडवाल्याकडे.)

आता आकाराचं. ४१ हर्ट्झच्या सुराची हवेतली एक लाट आठ मीटरहून लांब असते. एवढी लाट दमदारपणे ढकलायची तर पेटी बासपेक्षाही कितीतरी मोठी हवी, आणि मग ती कुठल्याच दारातून आत आली नसती. म्हणून बासमध्ये तडजोड आहे. मूळ सूर तो तसा अशक्तच काढतो. त्या सुरासोबत निघणारे वरचे उपस्वर मात्र भरपूर देतो. आपला मेंदू त्या उपस्वरांवरून खालचा सूर ताडतो आणि "ऐकतो". मोबाइलच्या इवल्या स्पीकरला ४१ हर्ट्झ काढता येत नाही, तरी त्यावर गाण्यातला बास कळतो, तो याच करामतीमुळे.

तो वेगळा ऐकू येत नाही, कारण वेगळं ऐकू येणं हे त्याचं काम नाही. ताल आणि स्वर या दोघांच्या मधली जागा तो धरतो: ठोक्यावर पडतो, पण पडताना सूर देतो. लष्करी बँडमध्ये ही जागा ट्यूबा, म्हणजे फुंकून वाजवायचं भलंमोठं पितळी वाद्य, सांभाळतो, कारण बास गळ्यात अडकवून परेड करता येत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याकडे असल्यामुळे बेळगावात बासपेक्षा ट्यूबा पाहिलेली माणसं जास्त सापडतील, असा माझा अंदाज आहे.

## पोटात काय असतं?

चांगल्या बासची पुढची फळी स्प्रूसची असते. थंड प्रदेशातलं हे हलकं, सरळ रेषांचं लाकूड. पाठ आणि बाजूच्या पट्ट्या मेपलच्या. ज्यावर बोटं दाबायची ती काळी पट्टी आबनुसाची. स्वस्त वाद्यात शिसवाची, आणि फारच स्वस्तात कुठल्याही लाकडाला काळा रंग फासलेली.

चार तारांचा मिळून ताण शंभर-सव्वाशे किलोच्या घरात जातो. त्यातला बराच भार घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी, पुढच्या फळीवर दाबते. एवढ्या दाबाने फळी आत बसू नये म्हणून घोडीच्या एका पायाखाली, आतल्या बाजूने, एक लांब दांडी चिकटवलेली असते. तिला बास बार म्हणतात. दुसऱ्या पायाच्या थोडं मागे पुढच्या आणि पाठीच्या फळीमध्ये एक गोल दांडकं उभं असतं, ते साउंड पोस्ट. याला डिंक नाही, खिळा नाही. दाबावर उभं आहे. सगळ्या तारा एकदम काढल्या की ते पडू शकतं, आणि पोटात खडखडणारं ते दांडकं एफच्या आकाराच्या फटीतून पुन्हा उभं करणं म्हणजे अर्धा दिवस गेला. तारा बदलायच्या त्या एकेक करून, हा नियम त्यासाठी.

फळ्या आणि बाजू जोडल्या जातात त्या सरसाने. जनावराच्या कातड्यापासून काढलेला हा डिंक आपल्याकडचे जुने सुतार रोज वापरायचे. गरम पाण्यात वितळवायचा, ब्रशने लावायचा. सरस लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरूनच भांडण होणार आहे.

## पावसात दार अडतं, मग बासचं काय?

जुन्या घराचं सागवानी दार जूनअखेर चौकटीत अडायला लागतं आणि संक्रांतीनंतर फट दाखवू लागतं, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. पिताना आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने मात्र जवळजवळ जागचं हलत नाही. बास म्हणजे असल्या दारांची जुळणी, फक्त लाकूड काही मिलिमीटर जाडीचं आणि वर शंभर किलोंचा ताण.

आकडा काढून बघू. पुढची फळी खाली जिथे सगळ्यांत रुंद, तिथे ती साधारण ६५ सेंटीमीटर भरते. लाकडातल्या ओलीचं प्रमाण सहा टक्क्यांनी बदललं, तर एवढ्या रुंदीचं मोकळं स्प्रूस पाचेक मिलिमीटर फुगेल किंवा आकसेल. पण फळी मोकळी नाही, चारी बाजूंनी चिकटवलेली आहे. मग ते पाच मिलिमीटर जाणार कुठे?

पावसाळ्यात ते वर जातात. फळीचा फुगार वाढतो, तिच्यावर बसलेली घोडी वर उचलली जाते, तारा पट्टीपासून लांब होतात. काल सहज दबणारी तार आज बोटं दुखवते. नवशिक्याला वाटतं, आपला हात कच्चा. हात तोच आहे, तार वर गेली आहे. उन्हाळ्यात उलटं: फळी बसते, तारा पट्टीला लागून चरचरतात. म्हणूनच समंजस माणसं घोडीच्या पायांत आटे असलेल्या चकत्या बसवून घेतात. जुलैत चकती अर्धा-पाऊण फेरा फिरवून घोडी खाली करायची, मार्चमध्ये तेवढीच वर. वर करताना तारा थोड्या सैल कराव्यात, नाहीतर चकती फिरतच नाही आणि जोर केला तर घोडीचा पाय फाटतो.

फुगणं एक वेळ परवडलं. आकसणं वाईट. कोरड्या हवेत फळी आत ओढली जाते, कडा सोडत नाहीत, आणि मग दोनपैकी एक होतं. एकतर कडेची शिवण उघडते, नाहीतर फळी रेषेत तडकते. शिवण उघडणं हे शेकडो रुपयांचं काम आहे, तडकणं हजारोंचं. आणि सरस नेमका इथे कामाला येतो: चांगला कारागीर फळीच्या कडेचा सरस मुद्दाम पातळ ठेवतो, म्हणजे ताण आला की आधी शिवण सुटावी, लाकूड वाचावं.

हवेतली ओल मोजायचं माप म्हणजे सापेक्ष आर्द्रता: त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते, त्यातली किती टक्के वाफ आत्ता तिच्यात आहे. यापुढे मी नुसतं दमटपणा म्हणेन. बासला चाळीस ते साठ टक्के मानवतो. आपल्याकडे जुलैत खिडकी उघडी ठेवली की काटा नव्वदीला टेकतो, आणि मार्चच्या दुपारी तिशीखाली उतरला तर नवल नाही.

त्यातही आपला जिल्हा एकसारखा नाही. पश्चिमेला खानापूर तालुक्यातलं कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पावसाळ्यात भिंती घाम गाळतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. पूर्वेला अथणी, रायबाग, सौंदत्ती: काळी माती, कोरडा वारा. कणकुंबीच्याच बाजूच्या जांबोटीतला बास आणि अथणीतला बास एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघाले असले, तरी पाच वर्षांनी त्यांची दुखणी वेगळी असतील. जांबोटीच्या बासला बुरशी, गंजलेल्या तारा, उचललेली घोडी. अथणीच्या बासला तडे. सगळ्यांत हाल त्या बासचे, जो पावसाळाभर खानापुरात राहतो आणि मार्चमध्ये लग्नाच्या ऑर्केस्ट्रासोबत अथणीच्या मांडवात उन्हात उभा केला जातो.

## "शिवण उघडली तर सुताराकडे न्यायचं. त्यात काय?"

बरोबर हाच संवाद आमच्या गल्लीत झालेला आहे. सुतारमामा हुशार, हात सफाईदार, दारं-खिडक्यांत त्यांना तोड नाही. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, फटीत नख घातलं आणि निदान केलं.

"डिंक कच्चा वापरलाय बघा. फेविकॉल भरतो, शिकंजा आवळतो. शंभर वर्षं हलणार नाही."

"मामा, तेच नको. हलायला पाहिजे ते."

"हलायला पाहिजे? मग चिकटवायचं कशाला वो?"

मामांचा प्रश्न रास्त आहे. सुतारकामात जोड लाकडाहून मजबूत असणं हा गुण. बासमध्ये तोच दोष. पांढऱ्या डिंकाने शिवण पक्की केली की पुढच्या मार्चमध्ये ताण शिवणीवर सुटणार नाही, फळीवर सुटेल. शिवाय सरस गरम पाणी आणि पातळ सुरीने सोडवता येतो आणि नवा सरस जुन्यावर धरतो. पांढरा डिंक एकदा लाकडात मुरला की तो खरवडून काढताना लाकूडही जातं. पुढचा प्रत्येक कारागीर मग तुमच्या नावाने बोटं मोडतो.

म्हणून मामांना सांगायचं ते एवढंच: सरस वापरा, थोडा पातळ करा, शिकंज्याखाली बुचाचा तुकडा ठेवा. जुन्या पिढीतल्या सुतारांना सरस शिजवायचा कसा हे शिकवावं लागत नाही. तो उकळू द्यायचा नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

शिवणीपलीकडचं दुखणं असेल तर मात्र गल्ली सोडा. जवळचं नाव मिरज. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मंडळींचा हात तूनच्या लाकडावर आणि मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भोपळ्यांवर बसलेला. फुगीर स्प्रूसची फळी हा त्यांचा रोजचा विषय नव्हे. पण घोडीचा पाय पृष्ठभागाला केस जाईल एवढीही फट न ठेवता घासून बसवणं, खुंटी सुधारणं, पट्टीवरचा उंचवटा काढणं, ही नजर त्यांच्याकडे आहे. साउंड पोस्ट आणि फळीचे तडे यांसाठी व्हायोलिन दुरुस्त करणारा माणूसच गाठा, मग तो गोव्यात मिळो, मुंबईत की बंगळूरला.

## "प्लायवूडचा बास म्हणजे हलका माल ना?"

नाही. आणि आपल्या भागासाठी तर मी तोच घ्या म्हणेन.

बास तीन प्रकारचे. एक, अख्ख्या लाकडातून कोरलेला. दोन, पातळ थर आडवे-उभे चिकटवून साच्यात दाबलेला, म्हणजे प्लायवूडचा. दुकानदार त्याला लॅमिनेटेड म्हणतो. तीन, पुढची फळी कोरलेली आणि बाकी प्लाय, हा हायब्रिड. प्लायमध्ये एका थराच्या रेषा उभ्या, पुढच्याच्या आडव्या, त्यामुळे कुठलाच थर मोकळेपणी फुगू शकत नाही. तो जवळजवळ तडकत नाही. धक्के सोसतो. लग्नाच्या टेम्पोत ढोलकीच्या शेजारी बसून जातो.

त्याची किंमत आवाजात मोजावी लागते, हे खरं. गजाने, म्हणजे तारांवर घासायच्या काडीने, वाजवताना कोरलेल्या बासचा आवाज उमलतो, प्लायचा दबलेला राहतो. पण बोटाने तार छेडायची असेल, आणि ऑर्केस्ट्रात, चर्चच्या गायनात किंवा जॅझमध्ये तेच जास्त असतं, तर प्लायचा ठोका आखूड आणि स्पष्ट पडतो. कित्येक वादक तो मुद्दाम पसंत करतात. कोरलेला बास घ्यायची हौस असेल तर बासच्या किमतीत एका बंद खोलीचा आणि ओल शोषणाऱ्या यंत्राचा खर्च आधी मिळवा. मग ठरवा.

परदेशी दुकानांत साधा प्लायचा बास हजारेक युरोच्या घरात सुरू होतो. त्यावर भाडं आणि कस्टम. आकाराबद्दल एक सावधगिरी: मोठी माणसं वाजवतात तो बास "थ्री-क्वार्टर" मापाचा. हा आकार पोरांचा आहे असं सांगून कुणी फुल साइज गळ्यात मारत असेल तर नमस्कार करा. सिम्फनी ऑर्केस्ट्रातही बहुतेक जण थ्री-क्वार्टरच वाजवतात.

## घरात कुठे आणि कसा ठेवायचा

बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. कौलारू घरात पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते. खिडकीसमोर नको, पंख्याच्या थेट झोतात नको, आणि देव्हाऱ्याजवळ समईच्या धगीत तर नकोच. कोपऱ्यात उभा करायचा तर तोंड कोपऱ्याकडे, दोन्ही खांदे दोन भिंतींना. आडवा ठेवायचा असेल तर कुशीवर. घोडीवर पालथा ठेवलेला बास मी पाहिला आहे, आणि ठेवणारा माणूस शिकलेला होता.

दमटपणा मोजणारं काटेवालं किंवा डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. बाकी काही घेतलं नाही तरी हे घ्या, आणि बासच्या शेजारीच ठेवा, दिवाणखान्यात नव्हे. फेब्रुवारी ते मे काटा चाळिशीखाली गेला की ओल द्यायची. साबणाच्या प्लास्टिक डबीला भोकं पाडून आत पिळलेला स्पंज घाला आणि डबी बासच्या पिशवीत ठेवा. स्पंज पिळलेलाच हवा, ठिबकणारा नाही. पावसाळ्यात मात्र पिशवी काढून टाका. बंद पिशवीत ओल कोंडते आणि आठवड्याभरात आतल्या अस्तराला कुबट वास येतो. सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही होत नाही. एवढ्या मोठ्या पोटाला त्या पुरत नाहीत.

तारांबद्दल थोडंच. पूर्वी त्या मेंढीच्या आतड्याच्या असत. आवाज मऊ, पण हवा बदलली की सूर बदलतो; आपल्या पावसात त्या लावून बसणं म्हणजे दर गाण्याआधी सूर जुळवत बसणं. पोलादी तारा घ्या. व्हिएन्नाच्या थॉमास्टिकच्या स्पिरोकोअर किंवा जर्मनीच्या पिरास्ट्रोच्या तारा जगभर चालतात. चारांचा संच दहा हजारांच्या पुढे जातो, पण वर्षानुवर्षं टिकतो. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने घाम पुसायचा. पुसलं नाही तर जुलैत गंज दिसतो, आधी डाव्या हाताच्या जागी.

गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात आणि त्यांना राळ घासतात. बासची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ आणि चिकट असते, कारण जाड तार पकडायला तेवढी पकड लागते. एप्रिलमध्ये ही राळ वाहते. अक्षरशः वाहते. डबी आडवी राहिली तर सकाळी गजाची पेटी, कापड आणि शक्य असेल तर तुमची पँट एकमेकांना चिकटलेली सापडतात. डबी उभी ठेवा, थंड जागी. केसही ओल पिऊन लांबतात आणि कोरड्यात आखडतात. पावसात ताणून ठेवलेला गज हवा कोरडी पडली की काडीला वाकवतो. वाजवणं संपलं की स्क्रू सैल करायची सवय लावून घ्या.

आणि फरशी. बासच्या तळाला लोखंडी दांडा असतो, त्यावर रबराची टोपी. शहाबादी फरशीवर, विशेषतः ती पुसलेली असेल तर, टोपी घसरते आणि बास पुढे पळतो. काथ्याची पायपुसणी उलटी टाका. झालं.

## "बेस गिटार असताना हा उपद्व्याप कशाला?"

प्रामाणिकपणे सांगायचं तर बऱ्याच जणांना खरंच गरज नाही. गणपतीत मेलडी ऑर्केस्ट्रा करणाऱ्याला बेस गिटार पुरतो. तारा त्याच चार, सूर तेच, पट्टीवर पडदे, म्हणजे सुरांच्या जागा आखून देणाऱ्या धातूच्या आडव्या तारा, असल्यामुळे बोट थोडं चुकलं तरी सूर चुकत नाही, आणि सगळं प्रकरण पाठीवर टाकून मोटरसायकलने येळ्ळूरला जाता येतं.

फरक पडतो तो सूर कसा सुरू होतो आणि कसा विरतो यात. बेस गिटारचा सूर छेडला की बराच वेळ तसाच टिकतो. बासचा सूर ठोक्यावर फुगतो आणि लगेच उतरायला लागतो, त्यामुळे दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा राहते आणि गाणाऱ्याचे शब्द उघडे पडतात. माइक नसलेल्या खोलीत तर दुसरा पर्यायच नाही. शिवाय पडदे नसल्यामुळे मींड घेता येते, आणि गज हातात आला की बास गायला लागतो. ही गोष्ट बेस गिटारला साधत नाही.

## हात कसा बसवायचा

पहिली अडचण अंतराची. बासवर तारेची मोकळी लांबी साधारण १०५ सेंटीमीटर. खालच्या भागात एका पूर्ण स्वराचं अंतर, म्हणजे षड्जापासून शुद्ध ऋषभापर्यंतचं, जवळजवळ ११ सेंटीमीटर पडतं. व्हायोलिनवर तेच साडेतीनच्या आत. म्हणून इथे चार बोटांना चार सूर देता येत नाहीत. पहिलं, दुसरं आणि चौथं बोट एवढीच वापरतात; अनामिका करंगळीला आधार देते. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा स्वर, दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत अर्धा. फ्रान्झ सिमान्डल या व्हिएन्नात वाजवणाऱ्या वादकाने एकोणिसाव्या शतकात ही पद्धत बसवून दिली आणि आजही शिकवणी तिथूनच सुरू होते. व्हायोलिनच्या तारा षड्ज-पंचम अंतरावर असतात, बासच्या मात्र षड्ज-मध्यम अंतरावर, तेही यासाठीच: अंतर कमी ठेवलं नाही तर हात दिवसभर वर-खाली पळत राहील.

तार बोटांच्या ताकदीने दाबायची नसते. अंगठा मानेच्या मागे नुसता टेकलेला, कोपर थोडं उचललेलं, आणि दंडाचं वजन बोटावर सोडायचं. अंगठ्याने चिमटा काढून दाबणाऱ्याचं मनगट काही दिवसांत बोलायला लागतं. उजव्या हाताला तर्जनीच्या पेराची कड तारेवर आडवी ठेवून ओढायची, टोकाने नव्हे. पहिल्या आठवड्यात फोड येतात, मग घट्टा पडतो.

गज धरायच्या दोन रीती आहेत. फ्रेंच रीतीत हात वरून, व्हायोलिनसारखा. जर्मन रीतीत खालून, करवत धरल्यासारखा. कुठली चांगली यावर वादक आयुष्यभर भांडतात. शिकवणारा जी वापरतो ती घ्या, कारण दोन्हींचे गज वेगळे येतात.

शिकवणारे बेळगावात कमीच. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तेव्हा बासवादक भेटायचे ते या दोन दिशांना. सुरुवातीचे काही महिने कुणीतरी समोर बसून हात बघितला पाहिजे. पुढचं व्हिडिओवर निभतं.

चोर्ला घाटातून गोव्याला नेताना पुढची सीट आडवी करा, बास कुशीवर झोपवा, मान पुढे, घोडी मोकळी. उन्हात काचा लावून गाडी सोडून जेवायला जाऊ नका. बंद गाडीत तापमान साठीच्या आसपास गेलं की सरस मऊ पडतो, आणि तारांचा ताण तर चालूच असतो.

## जुना मिळतोय, घेऊ?

मार्च-एप्रिलमध्ये बघायला जा. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाच्या फटी मिटलेल्या असतात आणि विकणारा खोटं न बोलताही सुटतो. कडेने सगळीकडे बोटाच्या पेराने टकटक करत फिरा; घट्ट आवाज मध्येच फुटका झाला की तिथे शिवण सुटली आहे. ते चालेल, भाव पाडा. फटीतून टॉर्च मारून साउंड पोस्ट उभं आहे का बघा. घोडीच्या पायाखालून रेषेत तडा गेलेला असेल तर थांबा, कारण सगळा दाब तिथेच आहे. मग मान पोटाला जिथे जोडली आहे तिथे बघा: तारा लावलेल्या असताना तळाशी पोस्टकार्ड सरकेल एवढी फट असेल, किंवा कुणी तिथे पांढरा डिंक नाहीतर स्क्रू मारलेला दिसला, तर चहा घ्या, आभार माना आणि परत या.